पाण्याचा नळ कुणाच्या हातात? : ‘द एक्स्पान्स’ मालिकेतून सूर्यमाला आणि नागरिकशास्त्र



गेल्या वर्षी पाचवीच्या वर्गात सूर्यमालेचा पाठ चालू होता. फळ्यावर ग्रह काढून झाले, क्रम पाठ करून झाला. मंगळावर माणूस पाठवायचे बेत चालू आहेत असं मी सांगितलं, तेव्हा एका मुलानं विचारलं, “बाई, तिथं लोक राहायला गेले तर सरपंच कोण होणार? इथला की तिथला?”

वर्ग हसला. मीही हसले आणि “उद्या बघू” म्हणून वेळ मारून नेली. घरी जाताना मात्र वाटलं, प्रश्न काही हसण्यासारखा नव्हता. विज्ञानाच्या तासाला नागरिकशास्त्राचा प्रश्न आला म्हणून मी गडबडले, इतकंच. आणि मग आठवलं की याच प्रश्नावर उभी असलेली एक अख्खी मालिका आपण पाहिली आहे. तिचं नाव ‘द एक्स्पान्स’.

आजच्या लेखात ही मालिका काय आहे, तिच्यातून आपल्याला शिकवायला काय मिळतं आणि मी वर्गात काय करून पाहिलं, ते सांगते. जे करून पाहिलं त्यात माझी एक चूकही झाली. तीही सांगणार आहे.

मालिकेची ओळख

डॅनिएल अब्राहम आणि टाय फ्रँक या दोन अमेरिकन लेखकांनी ‘जेम्स एस. ए. कोरी’ या टोपणनावानं नऊ कादंबऱ्या लिहिल्या. पहिली २०११ साली आली, नववी २०२१ साली. त्यांवर आधारलेली ही मालिका डिसेंबर २०१५ मध्ये अमेरिकेतल्या सायफाय वाहिनीवर सुरू झाली. तीन पर्वांनंतर, २०१८ मध्ये, वाहिनीनं ती बंद केली. चाहत्यांनी मोठी मोहीम चालवली आणि पुढची तीन पर्वं ॲमेझॉननं काढली. जानेवारी २०२२ मध्ये शेवटचा भाग आला. एकूण सहा पर्वं, ६२ भाग. मालिकेची सूत्रं सांभाळणारे नरेन शंकर हे भारतीय वंशाचे असून त्यांनी भौतिकशास्त्रात डॉक्टरेट केलेली आहे. मालिकेतलं विज्ञान इतकं काळजीपूर्वक का हाताळलंय, ते यावरून लक्षात येईल.

काळ आहे साधारण तीनशे वर्षांनंतरचा. माणूस सूर्यमालेत पसरला आहे आणि त्याचे तीन गट झाले आहेत.

१. पृथ्वी : संयुक्त राष्ट्रांचं सरकार. हवा, पाणी, समुद्र सगळं आहे, पण गर्दी प्रचंड आणि हाताला काम नाही. कोट्यवधी लोक सरकारी मदतीवर जगतात.

२. मंगळ : स्वतंत्र प्रजासत्ताक. लोक शिस्तीचे, लष्कर बलाढ्य. मंगळावर मोकळ्या हवेत श्वास घेता यावा हे त्यांचं स्वप्न. ते पुरं व्हायला कित्येक पिढ्या लागणार, हे माहीत असून लोक त्यासाठी राबतात.

३. पट्टा : मंगळ आणि गुरू यांच्यामधला लघुग्रहांचा पट्टा आणि त्यापलीकडचे उपग्रह. इथले लोक म्हणजे बेल्टर. ते खनिजं काढतात, बर्फ वाहून आणतात, जहाजं दुरुस्त करतात. पृथ्वी आणि मंगळ यांचे कारखाने त्यांच्या कष्टावर चालतात. पण यांना मात्र प्यायचं पाणी आणि श्वासाची हवासुद्धा मोजून मिळते.

शनीच्या कड्यांमधून सेरेसला बर्फ आणणारं ‘कँटरबरी’ नावाचं जुनं मालवाहू जहाज कुणीतरी उडवून देतं. कुणी उडवलं हे कळायच्या आत तिन्ही बाजू एकमेकांवर बोट दाखवतात. त्या एका जहाजापासून युद्धापर्यंत गोष्ट कशी जाते, हे पहिल्या पर्वात दिसतं. पुढे परग्रहावरच्या एका अजब पदार्थाची भानगडही येते, पण आपल्या कामाचा भाग माणसामाणसांमधलाच आहे.

विज्ञानातून राजकारण कसं निघतं

या मालिकेत राजकारण आणि विज्ञान वेगळे काढताच येत नाहीत. चार उदाहरणं देते.

पहिलं, गुरुत्वाकर्षण. पृथ्वीवर ३५ किलो भरणारं मूल मंगळावर साधारण १३ किलो भरेल आणि सेरेसवर जेमतेम १ किलो. (शास्त्राच्या भाषेत वस्तुमान तेच राहतं, वजन बदलतं. मुलांना हा फरक इथं छान समजतो.) अंतराळात राहणाऱ्यांची हाडं झिजतात. काळजी घेतली नाही, तर कंबर-मांडीच्या हाडांची घनता महिन्याला एक ते दीड टक्क्यानं कमी होते. मग पिढ्यान्‌पिढ्या कमी गुरुत्वात जन्मलेल्या माणसाचं काय होईल? मालिकेतले बेल्टर उंच आणि नाजूक हाडांचे असतात. पहिल्याच भागात पृथ्वीवर आणलेल्या एका बेल्टर कैद्याला नुसतं टांगून ठेवतात. मारहाण काही नाही, पृथ्वीचं वजनच त्याला छळतं. म्हणजे ज्या पृथ्वीवर त्याचे पूर्वज जन्मले, तिथं तो आता राहूच शकत नाही. ‘नको असेल तर परत जा’ असं त्याला म्हणायलाही जागा उरली नाही.

दुसरं, अंतर. पृथ्वीवरून मंगळावर निरोप पोचायला ३ ते २२ मिनिटं लागतात, कारण प्रकाशापेक्षा वेगानं काहीच जात नाही. त्यामुळे दूरवरच्या नेत्यांमध्ये समोरासमोर बोलणं होत नाही. निरोप पाठवायचा आणि वाट बघायची. तोवर भीती, अफवा आणि घाई आपलं काम करून जातात.

तिसरं, सूर्यप्रकाश. गुरू सूर्यापासून पृथ्वीच्या सव्वापाच पट दूर आहे, म्हणून तिथं प्रकाश साधारण सत्ताविसाव्या हिश्शाइतकाच पोचतो. गुरूच्या गॅनिमीड या उपग्रहावर मालिकेत मोठे आरसे लावून शेती केली आहे. बाहेरच्या सगळ्या वसाहतींचं ते धान्याचं कोठार. लढाईत आरसा कोसळतो आणि शेतीचे घुमट फुटतात. प्रॅक्स नावाचा वनस्पतिशास्त्रज्ञ नंतर उरलेल्या झाडांची पानं बघूनच ओळखतो की हे ठिकाण आता वाचत नाही. खनिजं घातलेल्या पाण्याऐवजी कुणीतरी शुद्ध ऊर्ध्वपातित पाणी चालवलंय आणि झाडं पिवळी पडू लागली आहेत. एक बिघाड झाकायला केलेली तडजोड दुसरा बिघाड करते, तो तिसरा. अन्नसाखळी शिकवताना हा प्रसंग मी दरवर्षी सांगणार आहे.

चौथं, पाणी. सेरेसवर एके काळी भरपूर बर्फ होता आणि तो आतल्या ग्रहांनी उपसून नेला, ही मालिकेतल्या बेल्टरांची जुनी जखम आहे. खऱ्या सेरेसवर आजही बर्फ आहे. १ जानेवारी १८०१ रोजी पियाझ्झी यांनी तो शोधला. २०१५ साली ‘डॉन’ हे यान त्याच्याभोवती फिरू लागलं, तेव्हा तिथल्या बर्फाची चांगली माहिती मिळाली. एक चूकही सांगायला हवी. मालिकेत सेरेसला वेगानं फिरवून आत कृत्रिम वजन निर्माण केलेलं दाखवलंय. खरा सेरेस तितका वेग सोसणार नाही, फुटून जाईल. मुलांना विचारा, का?

भाषा आणि नावं ठेवणं

निक फार्मर या भाषातज्ज्ञानं मालिकेसाठी बेल्टरांची बोली तयार केली. वेगवेगळ्या देशांतून आलेले मजूर एकत्र राहिले की भाषा कशी मिसळते, ते तिच्यात दिसतं. ‘बेल्टालोडा’ म्हणजे आपण पट्ट्याची माणसं, ‘इन्यालोडा’ म्हणजे ती आतल्या ग्रहांवरची. आणि आपले कान टवकारतील असा शब्द म्हणजे ‘वेलवाला’. ‘वेल’ म्हणजे गुरुत्वाची विहीर, आणि ‘वाला’ आपल्या भाजीवाल्या-दूधवाल्यातलाच. आपल्यातला असून ग्रहवाल्यांची तळी उचलतो त्याला ही शिवी.

बेल्टर मान हलवून होकार देत नाहीत, मूठ हलवतात. कारण अंतराळपोशाखात मान दिसत नाही. कामातून रीत येते आणि रीतीला पुढं लोक ‘संस्कृती’ म्हणतात, हे पाचवीच्या मुलालाही या एका उदाहरणातून कळतं.

उलट बाजूनं पृथ्वीवाले बेल्टरांना हडकुळे म्हणून हिणवतात. समोरच्याला नाव ठेवलं की त्याचं म्हणणं ऐकायची गरज उरत नाही. हे आपल्या मैदानावर रोज घडतं.

मी वर्गात काय केलं, आणि कुठं चुकले

मालिका मुलांना दाखवायची नाही हे पक्कं होतं. (त्याबद्दल पुढे लिहिते.) मी गोष्ट सांगितली आणि खेळ घेतला. माझ्या वर्गात २४ मुलं. आठ पृथ्वीची, आठ मंगळाची, आठ पट्ट्याची. चिंचोके म्हणजे पाणी, खडे म्हणजे खनिज. एका फेरीत प्रत्येकाला एक चिंचोका लागणार. तीन फेऱ्या.

- पृथ्वीला दिले ४४ चिंचोके, मंगळाला २४, पट्ट्याला फक्त ४.
- पट्ट्याला दिले ४० खडे. पृथ्वीला कारखान्यासाठी खडे हवेत.
- खड्यांना किती चिंचोके द्यायचे, तो दर पृथ्वी ठरवणार.

एकूण चिंचोके ७२, म्हणजे तिन्ही फेऱ्यांना २४ जणांना बरोबर पुरणारे. हे मी मुलांना सांगितलं नव्हतं.

पहिल्या फेरीत पृथ्वीनं एका खड्याला एक चिंचोका दिला. पट्ट्याचे चार खडे गेले. दुसऱ्या फेरीत दर झाला दोन खडे. आठ चिंचोक्यांना सोळा खडे गेले. तिसऱ्या फेरीत पृथ्वीच्या गटानं कुजबुज करून दर लावला पाच खडे! पट्ट्याकडे उरले होते वीस. म्हणजे चारच चिंचोके. आठातली चार मुलं ‘तहानलेली’.

तेवढ्यात पृथ्वीच्या डब्यातून चार चिंचोके गायब झाले. पृथ्वीवाल्यांनी आरडाओरडा केला. मी पट्ट्याच्या गटाकडे गेले आणि नेहमीच्या सवयीनं दरडावलं, “चोरी करायची नाही. आत्ताच्या आत्ता परत ठेवा.” एका मुलीनं मूठ उघडून चिंचोके दिले. मग खाली बघतच म्हणाली, “बाई, नियम त्यांनीच केला, आणि तुम्ही पण त्यांच्याकडूनच.”

त्या क्षणी मला मालिकेतला मिलर आठवला. मिलर हा सेरेसवर जन्मलेला पोलिस, पण नोकरी पृथ्वीच्या कंपनीची. पाणी चोरणारी पोरं पकडणं हे त्याचं काम. पाण्याचा भाव कोण ठरवतं, हे बघणं त्याच्या कामात बसत नाही. मी माझ्याच वर्गात त्याच्या जागेवर उभी होते. चोरी थांबवणं बरोबरच होतं, त्याबद्दल माझं मत बदललेलं नाही. पण दर पाचावर गेला तेव्हा मी गप्प बसले होते आणि चिंचोके गेले तेव्हा मात्र धावले. मुलांनी तेच पाहिलं होतं.

तास संपला. दुसऱ्या दिवशी मी सगळ्यांसमोर म्हणाले, “काल माझं चुकलं. मी एकाच गटाचं ऐकलं. आज आधी सगळ्यांनी बोलायचं.” पृथ्वीच्या गटातला एक मुलगा म्हणाला, “आम्ही मुद्दाम नाही केलं बाई. आम्हाला वाटलं, पुढं आम्हालाच कमी पडलं तर?” मंगळाच्या गटातली एक जण म्हणाली, “आम्हाला सगळं दिसत होतं, पण आमच्याकडे पुरेसं होतं म्हणून आम्ही काही बोललो नाही.” मालिकेत पृथ्वीचे नेतेही भीतीपोटीच कठोर होतात. ते सांगायला मला साठ-सत्तर मिनिटं लागली असती, मुलांनी दोन वाक्यांत सांगितलं.

मग मुलांनी फळ्यावर सगळे चिंचोके मोजले. ७२! सगळ्यांना पुरत होते. त्यांनी स्वतः नियम बनवले:

- आधी प्रत्येकाला एक चिंचोका, मग बाकीचा व्यवहार.
- दर ठरवताना तिन्ही गटांतली दोन-दोन मुलं असणार.
- ठरलेला दर फेरी संपेपर्यंत बदलायचा नाही.

पट्ट्यानं वीस खडे दिले, वीस चिंचोके घेतले. कुणी तहानलेलं राहिलं नाही आणि पृथ्वीचा कारखानाही चालला.

‘मग त्यांनी लढायला नको होतं का?’

हा प्रश्न येणारच. मालिकेत मार्को इनारोस नावाचा बेल्टर नेता आहे. त्याच्या लोकांवर झालेला अन्याय खरा आहे. पण तो पृथ्वीवर लघुग्रह आदळवतो आणि लाखो निरपराध माणसं मरतात. मी मुलांसमोर दोन वाक्यं ठेवली : ‘त्याची तक्रार खरी होती’ आणि ‘त्यानं केलं ते चूक होतं’. यातलं कुठलं बरोबर? बराच वेळ वाद झाल्यावर एकानं विचारलं, “दोन्ही बरोबर असलं तर चालेल का?” चालेल. हेच शिकायचं आहे.

शेवटी मालिकेतही तोडगा निघतो तो वाहतुकीचा कारभार बेल्टरांच्या हाती देऊन. ज्याला आजवर पाणी मोजून मिळत होतं, त्याला निर्णयाच्या टेबलावर खुर्ची मिळते. भांडण पुरतं मिटत नाही, पण बोलायला जागा तयार होते.

सरपंचाच्या प्रश्नाचं उत्तर

१९६७ च्या बाह्य अवकाश करारानुसार चंद्र, मंगळ किंवा कुठल्याही खगोलीय वस्तूवर कोणताही देश मालकी सांगू शकत नाही. भारतही या करारात आहे. पण जमीन कुणाची नसली, तर तिथून खणून काढलेलं पाणी किंवा धातू कुणाचा? यावर देशांचं एकमत नाही. अमेरिकेनं नोव्हेंबर २०१५ मध्ये कायदा करून आपल्या नागरिकांना अशा काढलेल्या साधनसंपत्तीवर हक्क दिला. पुढच्याच महिन्यात ही मालिका सुरू झाली, हा योगायोगच! लक्झेंबर्गनं २०१७ मध्ये तसाच कायदा केला.

चंद्रावर पाण्याचा अंश असल्याचा पुरावा देण्यात आपल्या चांद्रयान-१ चा वाटा होता. २०२३ मध्ये चांद्रयान-३ दक्षिण ध्रुवाजवळच्या भागात उतरलं. ध्रुवाकडच्या त्या भागात सगळ्यांना रस आहे, तो मुख्यतः तिथल्या बर्फामुळे. म्हणजे हा प्रश्न तीनशे वर्षांनंतरचा नाही. आज पाचवीत असलेली मुलं मोठी होतील, तेव्हा कदाचित त्यांनाच तो सोडवावा लागेल. त्या मुलाला मी हे सगळं सांगितलं आणि म्हटलं, “सरपंच कोण, ते अजून ठरायचं आहे.”

पालकांसाठी दोन शब्द

ही मालिका मोठ्यांसाठी आहे. रक्तपात आहे, शिव्या आहेत. संयुक्त राष्ट्रांच्या बड्या नेत्या अवासराला भरजरी पोशाखात जी भाषा वापरतात, ती ऐकून तुम्हीही दचकाल! प्राथमिकच्या मुलांबरोबर बसून पाहू नका. तुम्ही स्वतः पाहा आणि जेवताना गोष्ट म्हणून सांगा. मंगळाची सैनिक बॉबी पहिल्यांदा पृथ्वीवर येते आणि आयुष्यात कधी न पाहिलेला समुद्र बघायला जाते, हा प्रसंग मुलांना नक्की आवडेल.

विचारण्यासाठी काही प्रश्न

१. पृथ्वीवर तुमचं जे वजन आहे, ते मंगळावर किती भरेल? (पृथ्वीवरील वजन गुणिले ०.३८)
२. तुमचा निरोप मित्राला वीस मिनिटांनी पोचत असेल, तर भांडण मिटवायला काय अडचण येईल?
३. आपल्या घरात, शाळेत, गावात पाण्याचे नियम कोण ठरवतं? ते ठरवताना कुणाला विचारलं जात नाही?
४. मंगळाच्या गटासारखं ‘आपल्याला पुरतंय’ म्हणून तुम्ही कधी गप्प बसलात का?

तिसऱ्या प्रश्नाची उत्तरं वहीत लिहून घ्या. माझ्या वर्गात आलेलं एक उत्तर असं होतं : ‘आमच्या शाळेत पाण्याच्या टाकीचा नळ उंच आहे. पहिलीच्या मुलांना कुणी विचारलं नाही.’ आता तिथं आम्ही एक पायरी करून घेतली आहे.

तुम्ही हा खेळ घेतलात तर तुमच्या मुलांनी कोणते नियम बनवले, ते जरूर कळवा.